देवाच्या दिव्यातला सेल

निलेश घाडीच्या हाताला कला नाही, हे अख्ख्या खानदानाला माहीत होतं. बाप गिरणीत फिटर होता. माग कुठे अडलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. आणि पोरगा? पंख्याचा रेग्युलेटर बदलायचा म्हटलं तरी इलेक्ट्रिशियनला फोन. बोरिवलीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात वीस वर्षं ॲडमिशनचे फॉर्म तपासतोय, त्या कामात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण हातात स्क्रू ड्रायव्हर दिला की गडी संपला.

तर असा हा निलेश, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी सहा वाजता, कांदिवलीत आपल्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्याच गाडीपुढे उभा होता आणि गाडी उघडत नव्हती.

चावीचं बटन दाबलं, काही नाही. परत दाबलं. जवळ जाऊन दाबलं, हात उंच करून दाबलं, चावी शर्टाला पुसून दाबली. गाडी आपली ढिम्म. एरवी कशी, टुक करून आवाज करायची, दिवे मिचकवायची, आरसे उघडायची. आज ओळखच दाखवेना.

"दाब ना नीट," रुचिरा म्हणाली. रुचिरा त्याची बायको. तिच्या एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात हॉस्पिटलची बॅग.

"नीटच दाबतोय ना! अजून काय, पायाने दाबू?"

मागे सिमेंटच्या कट्ट्यावर निलेशची आई बसली होती. सोनूबाई, वय शहात्तर. हिरवी सहावारी, नवरा गेल्यावरही न सोडलेली केसांतली अबोलीची दोन फुलं, मांडीवर कापडी पिशवी. लग्नाला निघाल्यासारखी. निघाली होती मात्र ऑपरेशनला.

डाव्या छातीत गाठ होती तिच्या. सात महिने बाईने कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग एकदा रुचिराने अंघोळीच्या वेळी पाठ चोळून देताना बघितलं आणि तिची बोबडीच वळली. डॉक्टर, तपासण्या, सुईने तुकडा काढणं, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, अजून पसरलेलं नाही, लगेच काढू. आणि सोनूबाई म्हणाली, नाही. का? तर देवाला विचारल्याशिवाय अंगाला सुरी लावून घेणार नाही. पहिली तारीख तिने अशीच घालवली. डॉक्टर वैतागले, पण दुसरी दिली, आजची. म्हणाले, ही चुकली तर पुढची महिन्याने, आणि महिन्याने मी आज बोलतोय तेच बोलेन याची खात्री देत नाही.

साडेसातला अंधेरीच्या हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं. रिक्षाने गेले असते हो. टॅक्सीही मिळाली असती. पण फाईल! आईचे सगळे रिपोर्ट, तपासलेल्या तुकड्याच्या काचा, भूलवाल्या डॉक्टरांचा सहीचा कागद असलेली ती जाडजूड निळी फाईल काल संध्याकाळी परत येताना मागच्या सीटवरच राहिली होती. सकाळी परत गाडीतूनच जायचंय, वर कशाला न्यायची, असं निलेशच म्हणाला होता. काउंटरवरच्या बाईने तर चार-चारदा बजावलं होतं, फाईल नाही तर ॲडमिशन नाही. आता ती फाईल काचेतून दिसत होती. हातभर अंतरावर, आरामात पडलेली.

"दुसरी चावी?" रुचिराने विचारलं आणि लगेच स्वतःच कपाळाला हात लावला.

दुसरी चावी देवाकडे होती. खरंच सांगतोय, थट्टा नाही. चार वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा पहिली फेरी गावी काढली होती, मालवणच्या अलीकडे. देवळापुढे गाडी उभी केली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं. मग सोनूबाईने फर्मान काढलं की एक चावी देवाच्या पायाशी राहणार. गाडी त्याने दिली, तर एक चावी त्याच्याकडे नको? लाल कपड्यात बांधून ती गाभाऱ्यात ठेवली, ती आजतागायत तिथेच. गाव कांदिवलीपासून पाचशे किलोमीटर.

निलेशने फोनवर व्हिडिओ लावला. कुणी हिंदी बोलणारा माणूस हसत हसत सांगत होता की घाबरू नका, चावीची बॅटरी संपली असेल, चावीच्या बाजूला एक खिटी असते, ती ओढा, आतून लोखंडी चावी निघेल. निघाली की! चार वर्षं खिशात घेऊन फिरतोय आणि पोटात हे आहे याचा पत्ता नाही. दाराच्या हँडलखाली प्लॅस्टिकची टोपी होती, ती काढली, आत भोक. निलेशला जरा हुशारी आली. चावी घातली, फिरवली. अर्धी फिरली आणि अडकली. चार वर्षं त्या भोकात कुणी काही घातलंच नव्हतं. नुसती धूळ गेली होती आत, समोर मेट्रोचं काम चालू होतं तेव्हापासूनची. त्याने जोर लावला तर ती पातळ पट्टी वाकायला लागली.

"तुटेल रे! तुटेल!" रुचिरा ओरडली. त्याने हलवत हलवत ती बाहेर काढली. हाताला घाम फुटला होता.

आता खरी गोष्ट सांगायला हवी, कारण निलेशला फुटला होता तो घाम चावीचा नव्हता.

डॅशबोर्डवर गेले पंधरा दिवस इंग्रजीत पाटी येत होती, चावीची बॅटरी कमी आहे म्हणून. निलेश शेवटचे दोन शब्द वाचायचा, बॅटरी कमी. गॅरेजवाल्याकडे जाऊन गाडीची मोठी बॅटरी तपासून आला होता. तो म्हणाला, एकदम झकास आहे साहेब, दोन वर्षं बघायला नको. निलेशने सुटकेचा नि:श्वास टाकला आणि पाटीकडे बघणं सोडलं. म्हणजे दोष कुणाचा, तर त्याचाच. हे त्यालाही कळत होतं. पण भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची.

देवाला कौल लावला होता ना. गावचा घाडी म्हणजे निलेशचा चुलत काका, लवूकाका. देवापुढे सगळ्यांची गाऱ्हाणी घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. लवूकाकाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, की बा देवा, सोनूवयनीक शस्त्रक्रिया करूची आसा, होय असात तर उजवो दी. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि संध्याकाळी निलेशला ऑफिसात फोन आला.

"झिला, डावो पडलो रे."

निलेश फॉर्मांच्या गठ्ठ्याआड उभा राहून फोन कानाला घट्ट लावून ऐकत होता. देवबीव तो फारसा मानत नसे. गणपतीला गावी जायचं, जत्रेला जमलं तर जायचं, तेवढंच. पण आई मानत होती, आणि आईने एकदा डावा ऐकला की ब्रह्मदेव आला तरी ती हॉस्पिटलची पायरी चढणार नव्हती. तो म्हणाला, "काका, आईला उजवा सांगा." पलीकडून, "देवाच्या नावान खोटा सांगू? मी घाडी असान?" आणि तेव्हा निलेशला जे रडू फुटलं! शिपाई बघायला लागले, पोरं फॉर्म हातात घेऊन बघायला लागली. "काका, ती मरेल हो. पाया पडतो तुमच्या. उजवा सांगा." लवूकाका म्हणाला, बघतंय, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता सोनूबाई म्हणाली, "लवूचो फोन इल्लो. घेऊन चल माका डॉक्टराक." बस. एवढंच. निलेशने रुचिरालासुद्धा खरं सांगितलं नाही. वाटलं, काम फत्ते झालं, देवाला नंतर काय ते बघून घेऊ.

आणि आज हे असं.

फाईल आत. चावी मेलेली. दुसरी चावी देवाच्याच पायाशी. कुणी म्हणेल, योगायोग. निलेशसुद्धा काल म्हणाला असता. पण सकाळी सहा वाजता, बंद गाडीपुढे, मागे आई केसांत अबोली माळून बसलेली असताना म्हणून बघा योगायोग!

"काच फोडूया का?" रुचिरा हळूच म्हणाली.

निलेशने कोपऱ्यात पडलेला पेव्हर ब्लॉक बघितला, उचललासुद्धा. आणि आईकडे नजर गेली. घरातून निघताना मांजर आडवं गेलं तरी परत आत जाऊन घोटभर पाणी पिऊन येणारी बाई. तिच्यासमोर निघताना काच फोडायची? उठून सरळ लिफ्टने वर गेली असती, आणि मग महिना काय नि वर्ष काय. त्याने ब्लॉक परत ठेवला. सहा वीस झाले होते.

"काय झाला रे?" सोनूबाईने विचारलं.

"काही नाही आई. बॅटरी गेलीये."

सोनूबाईने पिशवीत हात घातला, चाचपलं आणि आपली जुनी टॉर्च पुढे केली. "ही घे माझी बॅटरी. हयसर काळोख आसा खरो."

झालं. निलेशचा तोल गेला. "अगं ती बॅटरी नाही आई! टॉर्च काय करू मी, डोक्यात घालून घेऊ? चावीची बॅटरी! तुला नाही कळायचं त्यातलं, गप्प बस ना जरा!"

सोनूबाईने टॉर्च तशीच पुढे धरून ठेवली. रुचिराने नवऱ्याकडे असं बघितलं की बिचारा जागच्या जागी लहान झाला. आईवर ओरडला, आणि तेही आज. काय माणूस आहे मी, असं त्याला झालं. त्याने टॉर्च घेतली. पार्किंगमध्ये खरंच काळोख होता.

रुचिराने पर्समधून नेलकटर काढलं. लोखंडी चावी निघाली होती त्या फटीत नेलकटरची पट्टी घालून निलेशने पिळलं. एकदा सटकली, अंगठ्याला लागलं, रक्त आलं. दुसऱ्यांदा कट् करून आवाज झाला आणि चावीचे दोन तुकडे झाले. त्याला वाटलं मोडली. मोडली नव्हती, उघडली होती. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर नाण्याएवढी गोल चपटी चकती. त्याने ती काढून तळहातावर घेतली.

"आता ही कुठे मिळणार? साडेसहाला कुठलं दुकान उघडं असतं? वाट लागली यार."

"दाखव बघू," सोनूबाई म्हणाली.

त्याने दाखवली. ओरडायचं त्राण राहिलं नव्हतं. सोनूबाईने चकती दोन बोटांत धरली, टॉर्चच्या उजेडात उलटीसुलटी केली, आणि तिचा चेहरा एकदम बदलला.

"ह्यो सेल मा रे! मगापासून बॅटरी बॅटरी काय करतंस? सेल म्हण ना! माझ्या देवाच्या दिव्यात ह्योच असता."

देव्हाऱ्यात गावच्या देवाचा फोटो होता आणि त्याच्यापुढे प्लॅस्टिकची पणती, खोट्या ज्योतीची. दोन वर्षांपूर्वी समईवरून पदर पेटता पेटता वाचला, तेव्हा रुचिराने ती आणली होती. सोनूबाईने आधी नाक मुरडलं, मग तिची इतकी सवय झाली की रात्रंदिवस ती पणती चालू. दर महिन्याला नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणायचा आणि स्वतःच्या हाताने घालायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

"धाव गो," ती सुनेला म्हणाली. "पणती उलटी कर, खाली झाकण आसा. कालच नवो घातलंय."

रुचिरा लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेली. चार मिनिटांत धापा टाकत आली, हातात चकती. त्यावरचा आकडा तोच होता, शेवटच्या आकड्यापर्यंत. निलेशने ती चावीत बसवली, तुकडे दाबून जोडले, बटन दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. काही नाही.

निलेश मटकन खाली बसला, गाडीच्या चाकाला टेकून. ऑफिसची पँट, खाली तेलाचे डाग, कशाचीही पर्वा नाही. आता काही राहिलं नव्हतं. ज्या देवाच्या नावाने खोटं बोललो, त्याच्याच पुढचा दिवा विझवून त्याचा सेल आणला, आणि तो म्हणतोय नाही. किती वेळा नाही म्हणायला लावायचं त्याला? समजा अजून रेटलं, नेलं तिला, आणि टेबलावरच काही झालं तर? तिकडून पांढऱ्या चादरीतून परत आणायचं आणि जन्मभर आठवायचं, की डावा पडला होता?

"आई," तो म्हणाला. "राहू दे. नको जाऊया."

"काय म्हणतंस?"

"कौल डावा पडला होता आई. मी काकांना खोटं सांगायला लावलं. उजवा नव्हता. देव नको म्हणतोय, बघ ना, सगळीकडून नको म्हणतोय. चल वर. मला भीती वाटते गं."

रुचिराच्या हातातला थर्मास खाली गेला. सोनूबाई गुडघ्यावर हात ठेवून, कळ काढत, कट्ट्यावरून उठली. निलेश डोळे मिटून बसला होता. आता ती वर जाणार, अबोली काढून ठेवणार. पण पावलं लिफ्टकडे गेली नाहीत, त्याच्याकडे आली.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली.

निलेशने डोळे उघडले.

"लवू खोटा बोलतलो? घाडी तो. त्याच राती फोन केल्यान माका. म्हणालो, वयनी, देवान डावो दिल्यान. पण झील तुझो फोनवर ढसाढसा रडता, खोटा सांगा म्हणता. माझ्यान बोलवत नाय. तूच काय ता ठरव." तिने हात पुढे केला. "दी ती चावी हडे."

"मग तू... तरी कशाला तयार झालीस?"

"रातभर इचार केलंय. देवाक सगळो गाव आसा रे. माका तू एकटोच." बोलता बोलता तिने चावीचे तुकडे नखाने वेगळे केले, सेल काढला, टॉर्चखाली धरला. चार महिने फिटरच्या संसारात काढले की बाई शिकते, इथे तर बावन्न वर्षं झाली होती. "घातलंस कसो? अधिकची बाजू वर? दिव्यात वर असता, ह्येच्यात बघ, खाली खूण आसा. उलटो घाल."

तिने सेल उलटा केला, अंगठ्याने दाबला, तुकडे जोडले आणि चावी त्याच्या हातात ठेवली.

"डावो देवाचो. उजवो माझो. दाब आता."

निलेशने दाबलं. टुक. चारी दिवे मिचकले, आरसे हळूहळू उघडले.

रुचिरा रडत होती आणि त्याच वेळी दार उघडून फाईल छातीशी धरत होती. निलेश तसाच चाकाला टेकून बसून राहिला. आपण आत्तापर्यंत समजत होतो की आपण आईला फसवलंय, आणि ही सगळं माहीत असून, आपल्या देवाचा नकार पदरात बांधून, फुलं माळून खाली येऊन बसली होती. त्याच्या रडण्यापायी. आता तिला नेऊन काही झालं तरी दोष त्याचाच, आणि न नेलं तरी त्यानेच घालवली असं होणार होतं. यातून सुटायची वाट कुठल्या व्हिडिओत सांगितलेली नव्हती.

"ऊठ रे," सोनूबाई म्हणाली. "उशीर होता."

तो उठला. आईला मागच्या सीटवर बसवलं, पाय उचलून आत घेतले, साडीचा काठ दारात येणार नाही असा सारखा केला. रुचिरा तिच्या शेजारी बसली. गाडी चालू झाली. डॅशबोर्डवर पाटी नव्हती. पावणेसात वाजले होते, हायवे मोकळा मिळाला तर पोचले असते.

गेटपाशी सोनूबाईने मागून त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"येताना नाक्यावरून दोन सेल घे, इसारशीत नाय तर. देव काळोखात बसलो आसा."

निलेशने मान हलवली आणि गाडी हायवेच्या दिशेने वळवली.